सुगम आणि अटळ

मनुष्याच्या आजच्या प्रत्येक वर्तनाचे मूळ त्याच्या गुहावासी पूर्वजांत शोधून देणाऱ्या व्याख्यानांचा आणि पुस्तकांचा सध्या सुकाळ झाला आहे. जात का टिकते, दंगली का होतात, गोडाचा मोह का सुटत नाही, दुष्काळात टँकरभोवती माणसे एकमेकांच्या अंगावर का जातात, असा कोणताही प्रश्न विचारावा आणि उत्तर ठरलेले असावे: मनुष्याचे मन लक्षावधी वर्षे शिकारी टोळ्यांच्या जीवनात घडले, शेती, नगरे, लिपी आणि कायदे यांना उणीपुरी दहा हजार वर्षे झाली, आणि एवढ्या अवधीत निसर्गाला ते मन बदलण्यास सवडच मिळाली नाही, सबब आपण वागतो ते अश्मयुगाच्या हुकुमाने वागतो. मनमाडच्या लोकांना हे उत्तर ऐकविणे विशेष सोपे असते. ज्या गावाला वागदर्डीच्या धरणात पालखेड कालव्याचे आवर्तन येण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली आणि ज्याने कित्येक उन्हाळे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यावर काढले, त्या गावात व्यासपीठावरून कोणी सांगितले की टंचाई आली म्हणजे संस्कृतीचा मुलामा उडतो आणि आतला पशू बाहेर येतो, तर श्रोते माना डोलावतात. कारण हंड्यावरून झालेले एखादे भांडण प्रत्येकाच्या स्मरणात असतेच. मला या उत्तराचा विषाद वाटतो. उत्क्रांतीसारख्या विशाल आणि गंभीर सिद्धांताचे नाव घेऊन विचाराला आरंभ व्हावा, तो येथे त्याच नावाने संपविला जातो.

मनुष्याचे मनही त्याच्या अस्थींप्रमाणेच निसर्गक्रमात घडले याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. डार्विनने १८५९च्या ग्रंथात मनुष्याविषयी जवळजवळ मौन पाळले. परंतु १८७१ आणि १८७२च्या दोन ग्रंथांत त्याने विवेक, लज्जा, क्रोध आणि स्मित यांचीही वंशावळ मांडली, आणि त्याचा समकालीन सहविचारक वॉलेस मनुष्यबुद्धीच्या उंबरठ्यावर थबकला असतानाही तो थबकला नाही. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने स्पेन्सरच्या द्वारे, आणि टिळकांनी ‘गीतारहस्या’त हेकेलचा परामर्श घेऊन, या विचाराची दखल घेतली, तो इतिहास वाचकांस परिचित असल्यामुळे त्याची उजळणी करीत नाही. मनाला उत्क्रांतीच्या कक्षेबाहेर ठेवणारा पक्ष श्रद्धेचा आहे, त्याच्याशी पुराव्याने वाद होऊ शकत नाही. मन ही कोरी पाटी असून तिच्यावर समाज लिहील ते उमटेल, असे मानणाऱ्यांनी एखादे तान्हे मूल काही दिवस जवळून पाहावे. प्रत्येक गुणामागे एकेक जनुक दाखविणाऱ्यांची बाजू आता खुद्द जनुकशास्त्रज्ञही घेत नाहीत. हे तिन्ही पक्ष बाजूस सारल्यावर उरतो तो अश्मयुगीन मनाचा पक्ष. आणि तो विद्वानांनी मांडलेला असल्यामुळे, त्यात बरेच तथ्य असल्यामुळे आणि त्याचा परिणाम सर्वांत दूरवर पोहोचत असल्यामुळे त्याचाच सविस्तर विचार करणे भाग आहे.

या पक्षाची मांडणी मुख्यतः कॅलिफोर्नियातील लीडा कॉस्मिडीस आणि जॉन टूबी या दांपत्याने केली. १९९२ साली त्यांच्या सहसंपादनाखाली प्रसिद्ध झालेला ‘द ॲडॅप्टेड माइंड’ हा ग्रंथ तिचा आधारस्तंभ होय. मन हे सर्व कामांना सारखेच उपयोगी पडणारे एकच बुद्धियंत्र नसून, जोडीदार निवडणे, लबाडी ओळखणे, विषारी अन्न टाळणे, आप्त आणि परका यांतील भेद करणे अशा एकेका कामासाठी घडलेल्या अनेक शक्तींचा तो समुच्चय आहे. या शक्ती प्लाइस्टोसीन कालखंडात, म्हणजे सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलेल्या हिमयुगांच्या दीर्घ काळात घडल्या. आणि परिस्थिती पालटली तरी त्या जुन्याच कामाला लागतात, असा त्या मांडणीचा सारांश आहे. गोडाच्या बाबतीत हे म्हणणे बिनतोड आहे. ज्या काळी गोड म्हणजे पिकलेले फळ किंवा क्वचित लाभणारा मध, त्या काळी गोडाची अनिवार ओढ हितकारक होती. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात तीच ओढ मधुमेहाला आमंत्रण देते. येथे मी त्या पक्षाच्या बाजूस उभा आहे. परंतु जिभेच्या रुचीविषयी जे सिद्ध झाले ते जात, पाणी, मालकी आणि न्याय यांनाही आपोआप लागू होते, ही उडी मला मान्य नाही. आणि ती मूळ पंडितांपेक्षा त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांनी अधिक बेफिकिरीने घेतली आहे, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

मुळात हे अश्मयुग कोणते, हेच कोणी सांगत नाही. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी ह. धी. सांकलिया यांना ज्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्या घडविणारे हात बहुधा आपल्या प्रजातीचेही नव्हते; आपली प्रजाती, आजवरच्या पुराव्याप्रमाणे, सुमारे तीन लक्ष वर्षांची आणि मूळची आफ्रिकेतली आहे. उलट मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव लागते, त्या तालुक्यातील पाटणे या गावी एस. ए. साळी यांनी १९७२-७३च्या सुमारास केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि उभ्याआडव्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा सापडला, तेथील कवचाचे वय किरणोत्सर्गी कार्बनच्या परीक्षेने सुमारे २५,००० वर्षे ठरले. ज्या खानदेशात आज शहामृग नाही त्या खानदेशात तेव्हा तो होता. गंगापूरची हातकुऱ्हाड आणि पाटण्याचा मणी यांच्यामध्ये एवढा प्रचंड काळ आणि एवढी ऋतुमानाची उलथापालथ गेलेली असताना, या सर्वाला मिळून एकच ‘मूळ परिस्थिती’ मानणे आणि तिच्यासाठी एकच ‘मूळ मन’ कल्पिणे हे पुरातत्त्वाला सोडून होय.

त्या मण्यापाशी मला थोडे अधिक थांबावेसे वाटते, कारण अश्मयुगाचे नाव घेणारे त्याच्यापाशी थांबत नाहीत. मण्याने भूक भागत नाही, सावज पडत नाही, थंडी जात नाही. तरीही कोणीतरी कठीण कवचाचा बारीक तुकडा घेतला, त्याला छिद्र पाडले, त्याच्या कडा घासून गोल केल्या आणि तो दोऱ्यात ओवला. एवढा उद्योग ज्याच्यासाठी केला तो दुसरा मनुष्य असला पाहिजे: पाहणारा, ओळखणारा आणि या मण्याचा आपल्या लोकांत काय अर्थ होतो हे ठाऊक असणारा. हा अर्थ कवचात नव्हता आणि रक्तातही नव्हता. तो शिकावा लागत होता. म्हणजे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा, ज्याला हे व्याख्याते अश्मयुगीन म्हणतील असा मनुष्य, संकेत शिकण्यासाठी आणि शिकविण्यासाठीच घडलेला होता. अश्मयुगाचा वारसा सांगायचा असेल तर तो सबंध सांगावा. त्यातील भाला तेवढा उचलून मणी मागे ठेवू नये.

उत्क्रांतीला गेल्या दहा हजार वर्षांत सवड मिळाली नाही, हे दुसरे गृहीतही तपासण्यासारखे आहे. प्रौढपणीही दूध पचविण्याची शक्ती काही मानवसमूहांत गुरे पाळू लागल्यानंतरच पसरली. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत, तसेच विदर्भात, आढळणारा सिकलसेलचा दोष हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला, कारण त्याचा एकेरी वारसा हिवतापापासून काही अंशी संरक्षण देतो. रक्तदोष आणि हिवताप यांचे असे नाते असावे हे अनुमान प्रथम १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडले, आणि हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन येथलेच नागरिक झाले. रक्ताविषयी आणि आतड्यांविषयी हे जे सिद्ध झाले त्यावरून मनाविषयी काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर ज्या उडीबद्दल मी इतरांना दोष देतो तीच मी घेतल्यासारखे होईल. एवढेच म्हणतो की ‘सवड मिळाली नाही’ हे कोणी ठामपणे सांगू लागला तर त्याच्याकडे पुरावा मागावा. शरीराच्या मापावरून मनाचा फैसला करण्याची घाई विद्वानांनी पूर्वीही केली आहे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत संशोधनाला गेल्या, तेव्हा कवटीच्या दोन अंगांतील विषमतेवरून युरोपीय वंशाची श्रेष्ठता दिसून येईल अशी अपेक्षा तेथे बाळगली जात होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि या विषमतेचा वंशाशी मेळ बसत नाही असा निष्कर्ष, गुरूची मर्जी न पाहता, प्रबंधात नोंदविला. महाराष्ट्रात मानवशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांचा हा पहिला धडा आजच्या वक्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझे म्हणणे असे आहे की या सबंध वादात एक भेद सातत्याने पुसला जातो, आणि तो पुसला गेल्यामुळेच वाद इतका उथळ झाला आहे. एखादी गोष्ट शिकणे मनुष्याला सुगम असणे ही एक बाब, आणि ती गोष्ट त्याच्या हातून अटळपणे घडणे ही सर्वस्वी दुसरी बाब. उत्क्रांतीने मनाला जे दिले ते प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे आहे. काय चटकन शिकता येईल, काय उशिरा आणि श्रमाने येईल, कशासाठी एक दृष्टांत पुरेल आणि कशासाठी शाळा, पंच, वही आणि दंड लागतील, हे तिने बऱ्याच अंशी ठरविले. काय घडेल, हे तिने ठरविले नाही.

हा भेद मी केवळ तर्काने काढलेला नाही. सुसान मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी १९८९च्या सुमारास ऱ्हीसस माकडांवर जे प्रयोग केले ते या बाबतीत फार बोलके आहेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या आणि सर्प कधी न पाहिलेल्या माकडांना सर्पाचे मुळीच भय नव्हते. हे भय रक्तातून येत असते तर ते त्यांना असायला हवे होते. पण त्यांना एक चित्रफीत दाखविली, जिच्यात दुसरे माकड खेळण्यातल्या सर्पाला पाहून भयभीत झालेले दिसत होते, आणि तेवढ्यावर ती माकडे सर्पाला भिऊ लागली. मग चित्रफितीत फेरफार करून तेच भयभीत माकड फुलांना भीत आहे असे दाखविले. तेव्हा मात्र पाहणारी माकडे फुलांना भिण्यास शिकली नाहीत. भय जन्मजात नव्हते. पण सर्पाचे भय शिकणे सुगम होते आणि फुलाचे भय शिकणे दुर्गम. कोऱ्या पाटीचा पक्ष फुलांपाशी हरतो आणि अश्मयुगीन हुकुमाचा पक्ष प्रयोगशाळेतल्या त्या निर्भय माकडांपाशी हरतो. मनुष्याची गोष्ट आणखी पुढची आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात कित्येक पिढ्या नागपंचमीला जिवंत नाग धरून आणीत, त्यांची पूजा करीत आणि त्यांना पुन्हा सोडून देत. वन्यजीव कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशांनी त्या प्रथेवर निर्बंध आले, ते योग्यच झाले, कारण त्यात नागांचे हाल होत. परंतु त्या गावची मुले जे शिकत होती ते सर्पभयाच्या अगदी विरुद्ध होते, आणि ती ते शिकत होती. जे शिकणे सुगम आहे तेसुद्धा टाळता येते, एवढे मला यातून दाखवायचे आहे.

या भेदाची खरी कसोटी जातीपाशी लागते. जात म्हणजे कळपवृत्तीचे भारतीय रूप, टोळीच्या काळापासून आलेली आप्त-परक्याची जाणीव, असे आजकाल सुशिक्षित लोकही मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, आणि सांगताना त्यांना हे जाणवत नाही की आपण या उत्तराने जातीला निसर्गाच्या दप्तरात नोंदवून तिला जबाबदारीतून मुक्त करीत आहोत. गट पाडणे मनुष्याला सुगम आहे यात शंका नाही. हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टॉलमध्ये शाळकरी मुलांना चित्रांच्या आवडीसारख्या क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत वाटले, आणि मुले लगेच आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. पण याच प्रयोगाचा दुसरा अर्थ कोणी वाचीत नाही: रेघ कोठे ओढायची हे निसर्गाने सांगितलेले नव्हते, ती प्रयोगकर्त्यांनी ओढली. जातीची रेघ ओढण्यासाठी तर हजारो नियम लागले: कोणी कोणत्या विहिरीवर जावे, कोणाचे ताट वेगळे असावे, कोणाशी लग्न लावावे आणि न पाळल्यास कोणाला वाळीत टाकावे. जी गोष्ट टिकविण्यासाठी प्रत्येक पिढीतील प्रत्येक मुलावर एवढा पहारा ठेवावा लागतो तिला सहजप्रवृत्ती म्हणता येत नाही. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांना नाकारले गेले त्यांना ते अश्मयुगाने नाकारले नव्हते. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे प्लाइस्टोसीनने लावून घेतले नव्हते.

मनमाडच्या रहिवाशांना तर याचे प्रमाण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. येथून जवळच येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी खुद्द मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रतिपादन याच परिषदेतले आणि त्यामुळे प्रसिद्ध आहे; पण त्याच भाषणातील एक बारीक निरीक्षण माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणून घेतात, परंतु पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. लोहमार्ग आणि त्यावरची माणसांची वर्गवारी या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातल्या. एकीतही लक्षावधी वर्षांचे काही नाही. आंबेडकरांनी वहिवाट शोधली, ती कोणाच्या सोयीची आहे ते सांगितले आणि ती मोडण्यासाठी संघटना मागितली. ‘माणूस मुळातच असा आहे’ हे उत्तर त्यांच्या हाताशीही होते. ते त्यांनी पत्करले नाही.

आता पाण्याकडे वळतो. कारण अश्मयुगीन मनाच्या पक्षाला आपला विजय तेथे निश्चित वाटतो. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिलेल्या ‘सामायिक कुरणाची शोकांतिका’ या निबंधाचा जगभर मोठा प्रभाव पडला. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवील, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांत वाटला जाणारा. अशा रीतीने कुरण उजाड होईल. सबब एक तर सरकारी अंमल हवा किंवा खाजगी मालकी. हार्डिन एवढ्यावर थांबला नाही. लोकसंख्येचा विचार करताना त्याने उत्क्रांतीचाच आधार घेऊन म्हटले की विवेकाने संयम पाळणाऱ्यांची संतती कमी होईल, न पाळणाऱ्यांची वाढेल, आणि म्हणून विवेक आपला आपणच क्षय करतो. या युक्तिवादाचा मला अनेक वर्षे उद्वेग वाटत आला आहे. त्यात विवेक हा डोळ्यांच्या रंगासारखा बापाकडून मुलाकडे जाणारा गुण मानला आहे. विवेक तसा जात नाही. नियम शिकण्याची पात्रता, आपल्याकडे कोणी पाहत आहे याची जाणीव, लाज, आणि अन्याय दिसल्यावर येणारा राग, ही सामग्री वारशाने येते, आणि ती संयमी माणसाच्या मुलात असते तशी बेफिकीर माणसाच्या मुलातही असते. तिचा विवेक बनतो की नाही, हे गावाने तिच्यावर कोणती व्यवस्था उभी केली यावर अवलंबून असते.

अशी व्यवस्था पाहावयाची तर मनमाडहून मालेगावच्या वाटेने बागलाणात जावे. मोसम आणि आरम या नद्यांवर, आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर, सुमारे तीन-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती हार्डिनच्या निबंधाला दिलेले सविस्तर उत्तर आहे, जरी ती त्याच्या कित्येक पिढ्या आधी जन्माला आली. नदीत बंधारा घालून पाटाने पाणी वळवावयाचे. पाटाखालचे सारे क्षेत्र साधारणतः तीन-चार फडांत विभागावयाचे. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे आणि वर्षावर्षाला फेरपालट करावयाची. पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांची नेमणूक शेतकऱ्यांनीच करावयाची, आणि तंटा पंचांपुढे न्यावयाचा. या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची तजवीज अशी की खातेदाराची जमीन बहुधा एकाच ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाऊस कमी झाला, नदी आटली आणि एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय पंचांना घ्यावा लागला, तर तो तोटा एकट्यादुकट्याच्या माथी न पडता सर्वांत वाटला जातो. टंचाईत बलवान दुर्बळाचे पाणी पळवितो, हा निसर्गनियम म्हणून सांगितला जातो. येथे टंचाईच्याच धाकाने समतेची रचना झाली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा अनेक देशांतील व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली आपला ग्रंथ लिहिला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे निष्कर्ष बागलाणच्या एखाद्या जुन्या पाटकऱ्याला नवे वाटले नसते.

फडाचे मी स्तोत्र गात नाही. तो जमीनधारकांचा करार होता; भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. शिवाय तो आपोआप चालत नव्हता. जागल्या लागत होता, याचाच अर्थ पाणी चोरण्याचा मोह होता, आणि तो मोह उत्क्रांतीने दिलेला आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण मोह होता म्हणून चोरी अटळ होती काय? ती अटळ असती तर तीनशे वर्षे बंधारे टिकते ना. मोह सुगम होता, संयम दुर्गम होता. आणि जो दुर्गम होता त्याच्यासाठी माणसांनी पंच, पाळी आणि पहारा यांची योजना केली. अश्मयुगीन मनाचा पक्ष मोह दाखवितो आणि पहारा विसरतो. वास्तविक पहारा बसविणारे मनही त्याच उत्क्रांतीतून आलेले आहे. यावर असा आक्षेप येतो की मग आज फड मोडकळीस का आले. शेवटी स्वार्थच जिंकला ना? हे बंधारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना उत्तर ठाऊक आहे. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, प्रवाहाचा अधिकार गावाच्या हातून गेला, विहिरी आणि विजेचे पंप आले, आणि ज्याला स्वतःच्या विहिरीतून पाणी मिळते त्याला पंचांची गरज उरली नाही. बदलली ती पाण्याची व्यवस्था. मोसमकाठच्या शेतकऱ्यांचा मेंदू त्या काळात बदलला नव्हता.

हीच दृष्टी घेऊन मनमाडच्या गल्लीकडे पाहावे. नळाला पाणी येण्याच्या दिवशी ड्रम आणि हंडे ओळीने मांडले जातात, ओळ कोणाची पुढे आणि कोणाची मागे हे सर्वांना ठाऊक असते, कामावर जाणारी बाई शेजारणीकडे किल्ली ठेवून जाते आणि शेजारीण तिचा ड्रम भरून ठेवते. भांडण होते तेव्हा त्याची बातमी होते. शेकडो दिवस ओळ शांतपणे पुढे सरकते त्याची बातमी होत नाही, आणि व्याख्यान मात्र बातमीवरून रचले जाते. परक्यांविषयीची आपली माया टोळीपुरती मर्यादित असते असे सांगणाऱ्यांनी येथल्या गुरुद्वारा गुप्तसर साहिबच्या लंगरात एकदा जेवायला बसावे. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले यात्रेकरू आणि वाटेत उतरलेला कोणीही प्रवासी तेथे एका पंगतीत बसतो. आणि टंचाईने पशू बाहेर येतो हाच नियम असेल तर १९७२च्या दुष्काळाचे काय करावयाचे? त्या वेळी बांधबंदिस्तीच्या आणि खडीच्या कामांवर, शिगेला पोहोचल्या वेळी, सुमारे ५० लक्ष माणसे राबली, आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. उपासमारीच्या धाकातून लुटीऐवजी हक्काचा दस्तऐवज निर्माण झाला, हे मनुष्यस्वभावाचे वर्तन नव्हे काय?

मी मान्य करतो की सुगम आणि अटळ यांतील सीमा सर्वत्र स्पष्ट नसते. काही ओढी इतक्या प्रबळ असतात की त्यांना आवर घालण्याचा खर्च समाजाला परवडत नाही, आणि तेथे सुगमता व्यवहारात अटळपणासारखीच भासते. दारूच्या, जुगाराच्या आणि मघाशी सांगितलेल्या गोडाच्या बाबतीत हे होत असावे. परंतु ही प्रत्येक बाब स्वतंत्रपणे तपासावी लागेल: ही गोष्ट शिकणे किती सुगम, तिच्या उलट शिकविणे किती दुर्गम, कोणत्या व्यवस्थेने तो खर्च कमी होतो, आणि आजवर कोणी तो दिला आहे काय. हे सर्व प्रश्न उत्क्रांतीच्या अभ्यासातूनच निघतात. ‘कवटीत अश्मयुग आहे’ असे एकदा म्हटले की त्यांतील एकही उरत नाही, म्हणून मी त्या वाक्याच्या मागे एवढा लागलो आहे.

आपल्या राज्याच्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे, आणि तो तेथे आहे ही समाधानाची गोष्ट आहे. नांदगाव, येवला, मालेगाव आणि बागलाण या तालुक्यांत तो पाठ शिकविणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी मुलांना पाटण्याच्या मण्याविषयी सांगावे, शक्य असेल तर मोसमच्या एखाद्या बंधाऱ्यावर न्यावे, आणि फडाचा हिशोब ज्यांना अजून आठवतो अशा वृद्ध शेतकऱ्यांना वर्गात बोलवावे. या वृद्धांपैकी फार थोडे आता उरले आहेत.